चेंडू सुटण्याआधीची दोन पावलं

मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात सकाळी सात ते नऊ या वेळात चेट मारांटोशी कोणी नजर भिडवत नसे. एरवी चेट म्हणजे गरीब गाय. साठी उलटलेला, हेरन्स या बेसबॉल संघाला क्षेत्ररक्षण शिकवणारा, खिशात सूर्यफुलाच्या बिया बाळगणारा आणि मागेल त्याला मूठभर देणारा. पण सराव शिबिर संपत आलं की कपडे बदलायच्या खोलीत फिरायचं आणि ज्याला घरी पाठवायचं ठरलंय त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, हे कामही त्याच्याकडेच होतं. "स्किपर बोलावतोय. टॅबलेट घेऊन जा," एवढंच तो म्हणे. स्किपर म्हणजे संघाचा व्यवस्थापक. टॅबलेट संघाचा. तो बरोबर न्यायला सांगितला म्हणजे परत करायचा, आणि परत करायचा म्हणजे तुमचा खेळ संपला. त्या दोन तासांत धडधाकट, सहा फुटी माणसं खाली मान घालून बुटाच्या नाड्या सोडत आणि पुन्हा बांधत बसत.

ऑरिन टिब्बेट्स तसं काही करत नसे. तो चौतीस वर्षांचा होता, आणि असा हात त्याच्या खांद्यावर पाच वेळा पडला होता, पाच वेगवेगळ्या संघांत. पहिल्या खेपेला तो गाडीत बसून रडला. दुसऱ्या खेपेला मेन राज्यातल्या घरी बायकोला, कॉरीनला, फोन करून तासभर बोलला. पाचव्या खेपेला त्याने वाटेत थांबून अंडी-बटाटे खाल्ले, कॉफी पुन्हा भरून मागितली, आणि पोहोचल्यावर कॉरीनने विचारलं तेव्हा "हो, तेच" म्हणाला. मन मेलं वगैरे काही नाही. पायावर फार वेळ बसलं की तो पाय आपला आहे हे नुसतं माहीत असतं, तसं त्याचं झालं होतं.

तरी एक गोष्ट त्याला हवी होती. दहा वर्षं. वरच्या लीगमध्ये दहा वर्षं पूर्ण करणारे फार थोडे. त्या दिवशी सगळा संघ हातातलं काम टाकून उभा राहतो, पेले उंचावतो, आणि मग माणूस म्हातारा होऊन मरेपर्यंत त्याची ओळख "दहा वर्षंवाला" अशी करून देतात. बेसबॉलचं वर्ष एकशे बहात्तर दिवसांचं. ऑरिनची नऊ वर्षं आणि एकशे चाळीस दिवस झाले होते. उरले बत्तीस. हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं. पण हेरन्सनी त्याला नुसतं शिबिराला बोलावलं होतं, कागदावर कसलंही वचन नव्हतं. शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली, एकच जागा रिकामी होती आणि तिच्यावर चोवीस वर्षांचा ट्रेव्हॉन स्लेडही डोळा ठेवून होता. बॅटीच्या बाबतीत दोघेही सारखेच नालायक. म्हणजे सगळा निकाल क्षेत्ररक्षणावर.

आणि क्षेत्ररक्षणात ऑरिनच्या नावापुढे आकडा होता उणे सात.

या आकड्याला शिव्या घालणारे म्हातारे प्रत्येक मैदानावर पैशाला पासरी मिळतात, आणि त्याची आरती ओवाळणारे पदवीधर प्रत्येक मैदानाच्या वरच्या मजल्यावर बसलेले असतात. दोघांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही. खरं सांगायचं तर आकडा बिनडोक नव्हता. तो येण्याआधी काय मोजत होते, तर चुका. हातात आलेला चेंडू सुटला की चूक. आता ज्याच्या हाताला चेंडू लागतच नाही तो चूक करणार कशी? खांबासारखे उभे राहून, कधी न चुकून, बक्षिसं घेऊन गेलेली माणसं होती. आकड्याने ती सगळी झाकली मूठ उघडली. मैदानाच्या छपरावर कॅमेरे बसले. खेळाडू कुठे उभा होता, चेंडू किती लांबून आणि किती वेगात गेला, एवढ्यात सर्वसाधारण खेळाडूने शंभरातून किती वेळा तो गाठला असता, हे सगळं यंत्र सांगू लागलं. तीस टक्क्यांचा चेंडू गाठलात तर सत्तर शतांश पदरात. नव्वद टक्क्यांचा सोडलात तर नव्वद शतांश वजा. वर्षभराची बेरीज म्हणजे तुमचा आकडा. यात खोट काढायला जागा फारशी नव्हती.

ॲनिका लुंडीन या वरच्या मजल्यावरच्यांपैकी एक. सव्वीस वर्षांची, पदार्थविज्ञान शिकलेली. ती एकटीच अशी होती की दुपारच्या उन्हात खाली येऊन कुंपणाशी उभी राही आणि प्रत्यक्ष सराव बघे. अॅरिझोनाच्या उन्हाने तिचं नाक सोलवटलेलं असे. खेळाडू तिला प्रोफेसरीणबाई म्हणत. तिला ते आवडत नसे, पण ती तसं बोलून दाखवत नसे.

मार्चच्या दहा-बारा तारखेला तिने ऑरिनला कुंपणाशी थांबवलं.

"टिब्बेट्स, एक विचारायचं होतं."

"विचारा प्रोफेसरीणबाई. येत असलं तर सांगेन."

"पिचरच्या हातून चेंडू सुटायच्या आधी तुम्ही कुठे जाता?"

"कुठे जाणार? तिथेच तर असतो."

"नाही. आम्ही कार्डावर जी जागा लिहून देतो तिथे तुम्ही उभे राहता. मग पिचरचा हात मागे जातो आणि तुम्ही दोन पावलं सरकता. कधी तिसऱ्या बेसकडे, कधी दुसऱ्या. गेल्या वर्षीचे चारशे बारा चेंडू बघितले मी. तीनशे चाळीस वेळा चेंडू तुम्ही सरकलात तिकडेच आला."

ऑरिनने हातमोजा काखेत मारला. हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "टोपीत स्पीकर असतो ना," तो म्हणाला. "कॅचर बटण दाबतो आणि कुठला चेंडू येणार ते स्पीकर बोलतो, सिंकर, आत. मग मी फलंदाजाचे पाय बघतो. पुढचा पाय उघडा टाकणारा असला तर तो चेंडू तिसऱ्या बेसकडेच मारणार. मग इथे उभं राहून काय करू? जातो तिकडे. शेवटच्या क्षणाला जातो, नाहीतर फलंदाजाला दिसतं."

"आमचं घड्याळ चालू होतं ते चेंडू हातातून सुटल्यावर," ती म्हणाली. "त्याआधीचं यंत्राला दिसत नाही. त्याला वाटतं तुम्ही आधीपासून तिथेच होतात आणि चेंडू तुमच्या अंगावर आला. सोपा चेंडू, त्याला गुण नाहीत. वर दोन पावलं चालून तुम्ही टाचांवर आलेले असता, त्यामुळे चेंडू जरा बाजूला गेला की तुमचं पहिलं पाऊल उशिरा पडतं. ते मात्र बरोबर दिसतं. उणे सात तिथून आलेत."

"म्हणजे मी मंद नाही."

"मंद आहातच. पाय मंदावलेत, ते आकडा खोटं सांगत नाही. पण तुम्ही मैदानावर असताना डाव्या बाजूने जमिनीवरचे चेंडू पार जाण्याचं प्रमाण सगळ्यात कमी आहे. स्लेडपेक्षाही कमी."

"मग वर सांगा की हे."

"सांगितलं." तिने टोपी काढून पुन्हा घातली. "ते म्हणाले, पिचर वेगवेगळे, फलंदाज वेगवेगळे, यात टिब्बेट्सचं किती आणि योगायोगाचं किती ते सुटं करून दाखव. ते मला जमलं नाही. जे सुटं करता येत नाही त्यावर संघात जागा कशी द्यायची? तसं त्यांचंही चुकत नाही."

ऑरिनने बुटाच्या टोकाने गवत दाबलं. मग म्हणाला, "आणि समजा, मी आधी सरकलोच नाही. चेंडू सुटल्यावर निघालो. तर?"

ॲनिकाने उत्तर देताना माणसाकडे बघितलं नाही, प्रश्नाकडे बघितलं. हुशार माणसांची ही खोडच असते. "तर तुमचं पहिलं पाऊल सगळ्या लीगमध्ये सर्वांत आधी पडेल. कुठे जायचं ते तुम्हाला माहीतच असतं. यंत्राला वाटेल, काय चपळ माणूस आहे. आकडा सरळ वर जाईल." आणि मग तिला काहीतरी कळलं. "पण चेंडू कमी मिळतील. दोन पावलं मागून निघाल्यावर सगळे कसे गाठणार? म्हणून ते करायचं नसतं."

"छे, कोण करतंय," ऑरिन म्हणाला.

दुसऱ्या दिवशीपासून त्याने ते केलं.

पहिल्यांदा फार जड गेलं. टोपीत आवाज आला, सिंकर, आत, आणि पाय आपोआप उजवीकडे निघाले. त्याने ते धरून ठेवले. चौदा वर्षं जे पाय न विचारता जात होते ते जमिनीत रोवून त्याने चेंडू सुटेपर्यंत वाट पाहिली, मग धावला, मग झेप घेतली. चेंडू हातमोज्याच्या टोकात अडकला. गुडघ्यावरूनच त्याने पहिल्या बेसकडे फेकला. आउट. उन्हात बसलेले दीड-दोन हजार लोक उठून टाळ्या वाजवू लागले. ऑरिनला नवल वाटलं. हाच चेंडू आधी जाऊन, उभ्या उभ्या घेतला असता तर एकाही माणसाने हातातला हॉट डॉग खाली ठेवला नसता.

त्यापुढचा चेंडू मात्र निसटला. तो नेहमीसारखा सरकला असता तर चेंडू सरळ पोटावर आला असता. तेव्हाही टाळ्या पडल्या, प्रयत्नाबद्दल.

आठवड्यात आकडा चढला. पहिल्या पावलाच्या यादीत तो तळाला होता, तो दुसरा आला. वरच्या मजल्यावरून कोणीतरी खाली येऊन त्याला विचारून गेलं की हिवाळ्यात कसला व्यायाम केलास. दोरीच्या उड्या, असं त्याने सांगितलं. शरम वाटायला हवी होती हे त्याला कळत होतं. त्याने आत चाचपून पाहिलं. तसं काही हाताला लागलं नाही.

चेटला मात्र काहीतरी खटकलं. "काय रे," सरावानंतर बिया चघळत तो म्हणाला, "हल्ली फार माती खातोयस."

"वय झालं. आता लोळावंसं वाटतं."

"तुझे कपडे कधी मळत नसत. मी नव्या पोरांना सांगायचो, चांगला शॉर्टस्टॉप ओळखायचा कसा, तर त्याची विजार बघा. टिब्बेट्सची बघा, लग्नाला घालून जावी." चेट थांबला. पुढे काही बोलेल असं वाटलं, पण त्याने बियांची टरफलं थुंकली आणि तो निघून गेला. जुन्या माणसांना दिसतं खूप. पण काय दिसलं ते सांगायची वेळ आली की त्यांच्या तोंडून म्हणी आणि विजारी निघतात. वरच्या मजल्यावर विजारींचा उपयोग नसतो.

एकाच बाबतीत ऑरिनने मनाशी रेघ ओढली होती. रमिरो केसादाच्या मागे उभं असताना हे करायचं नाही.

रमिरो पिचर होता. व्हेनेझुएलाचा, बार्किसिमेतोचा, एकतीस वर्षांचा. कोपराची शस्त्रक्रिया होऊन दीड वर्ष घरी बसून तो परत आला होता आणि त्यालाही हेरन्सनी नुसतं शिबिरालाच बोलावलं होतं. दोघांनी मिळून एक घर भाड्याने घेतलं होतं. सकाळी रमिरो मक्याच्या पिठाच्या अरेपा भाजत असे आणि ऑरिन भांडी घासे. रमिरोच्या हातात आता वेग नव्हता. त्याच्याकडे होता तो सिंकर, शेवटच्या क्षणी खाली बसणारा चेंडू. फलंदाज तो वरच्या अंगाने मारतो आणि चेंडू जमिनीवरून सरपटत जातो. म्हणजे रमिरोचं सगळं पोट मागे उभ्या असलेल्या चौघांवर, आणि त्यातही ऑरिनवर.

"मी मागे वळून बघतच नाही," तो कोणालाही सांगे. "चेंडू जमिनीवर आपटल्याचा आवाज आला की मी डगआउटमधल्या बाकाकडे चालायला लागतो. मागे म्हातारा आहे."

"एक दिवस म्हातारा बाथरूमला गेलेला असेल," ऑरिन म्हणे.

"मग मीही जाईन, बार्किसिमेतोला."

सव्वीस मार्चला रमिरोची शेवटची परीक्षा होती. तीन इनिंग टाकायच्या, त्यावरून स्किपर ठरवणार. त्याच दिवशी सकाळी चेटने ऑरिनला बाजूला घेतलं. "वरच्यांची यादी आज सामना संपला की बंद होतेय. तुझ्यात आणि स्लेडमध्ये केसाचा फरक आहे. स्लेड पुढे आहे."

"किती?"

"पाव का काय म्हणाले. पाव म्हणजे काय ते मला विचारू नकोस. पाव आउट कसा करतात ते मी जन्मात बघितलेलं नाही."

ऑरिन मैदानात जाऊन उभा राहिला. ऊन चांगलं तापलं होतं. रमिरोने चौथ्या इनिंगला चेंडू हातात घेतला, मागे वळून ऑरिनला टोपीला हात लावला आणि पुन्हा पाठ केली.

टोपीत आवाज आला. सिंकर, आत. फलंदाज उजव्या हाताचा, पुढचा पाय उघडा. ऑरिनला चेंडू कुठे येणार ते दिसतच होतं, तिथली माती दिसत होती. सरकायचं असा विचार त्याने केला. थांबायचं असाही केला. दोन्ही विचार सारखेच वाटले, आणि पाय जागचे हलले नाहीत. रमिरोच्या हातून चेंडू सुटला. मग तो निघाला, पूर्ण लांब झाला, चेंडू घेतला, फेकला. आउट. सगळं मैदान उठलं. रमिरोने वळून बघितलं, छातीवर मूठ आपटली आणि हसला.

पाचव्या इनिंगला एकाने बॅटीच्या टोकाने चेंडू उडवून पहिला बेस गाठला. पुढच्याने सिंकर वरच्या अंगाने मारला, अगदी मरतुकडा फटका, पुन्हा तिसऱ्या बेसच्या बाजूला. रमिरो सवयीने डगआउटकडे दोन पावलं चाललाही. ऑरिनने अंग टाकलं. चेंडू बोटांना लागून निसटला आणि मागच्या गवतात जाऊन थांबला. रमिरो परत फिरला. मग दुसऱ्या बेसच्या बाजूला तसाच एक. ऑरिनने पुन्हा अंग टाकलं, पुन्हा वीतभर कमी पडला. एक धाव. तोंडात माती, दोन्ही कोपरं सोललेली. रमिरोने त्याला हात देऊन उठवलं. "असू दे, असू दे," तो म्हणाला. पण आता त्याचा स्वतःच्या चेंडूवरचा भरवसा उडाला होता. पुढचा सिंकर खाली बसलाच नाही, कमरेच्या उंचीवर तसाच राहिला, आणि तो कुंपणाला जाऊन आदळला. आणखी दोन धावा.

त्या तीन चेंडूंचा हिशेब यंत्राने केला तो असा. पहिला तीस टक्क्यांचा, गाठला, सत्तर जमा. दुसरा वीस टक्क्यांचा, सुटला, वीस वजा. तिसरा पंचवीसचा, सुटला, पंचवीस वजा. एकूण पंचवीस शतांश जमा. म्हणजे पाव. आणखी दोन इनिंगमध्ये एक साधा चेंडू आला, त्याचे चार शतांश. ऑरिन आधी सरकला असता तर ते तिन्ही चेंडू उभ्याने घेतलेले साधे आउट झाले असते, रमिरोच्या नावापुढे शून्य धावा असत्या, आणि ऑरिनच्या पदरात पंधरा शतांशसुद्धा पडले नसते.

सत्तावीसच्या सकाळी चेटचा हात खांद्यावर पडला. "स्किपर बोलावतोय," तो म्हणाला. टॅबलेटचं नाव काढलं नाही. आजूबाजूच्या लोकांनी ते ऐकलं आणि दोघा-तिघांनी ऑरिनच्या पाठीवर थाप मारली. स्लेड आपल्या खणात डोकं घालून काहीतरी शोधत होता.

स्किपर, म्हणजे हॅरोल्ड स्टेग, टेबलामागे बसला होता. त्याच्या समोर ॲनिका कागद घेऊन उभी होती आणि बोलणं अर्ध्यावर आलेलं होतं.

"दहा दिवसांत केसादावर एकच फटका कडक बसलाय," ती म्हणत होती. "एकच, आणि तो कालचा. बाकी सगळे जमिनीवरचे, मऊ. असे चेंडू टाकणारा पिचर सोडायचा नसतो."

"बाई, माझे डोळे शाबूत आहेत. चेंडू पार जात होते. एक नाही, दोन नाही, ओळीने. त्याच्या चेंडूत आता दम नाही."

"चेंडू पार गेले यात पिचरचा दोष नाही."

"मग कोणाचा?"

ॲनिकाने हातातले कागद सरळ केले. मग ती म्हणाली, "टिब्बेट्स मागे उभे होते. त्यांना विचारा."

तिने ऑरिनकडे बघितलं नाही. पण तिने चित्रफीत बघितली होती हे त्याला कळलं. तिला सगळं ठाऊक होतं आणि तरी ती त्याच्या तोंडून यायची वाट बघत होती.

"बस," स्किपर ऑरिनला म्हणाला. "तुझं झालंय. तू संघाबरोबर येतोयस, अभिनंदन. दहा वर्षं, ना? चांगलं आहे. आता हे सांग. तू त्याच्या मागे होतास, तुझा दोस्तही आहे, तरी खरं सांग. ते दोन चेंडू कसे होते?"

ऑरिन बसला. खिडकीतून सरावाच्या मैदानावर पाणी मारणारा माणूस दिसत होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्याच्याकडे तयार होतं, अगदी शब्दन् शब्द. ते तोंडाशी येईल म्हणून त्याने जरा वाट पाहिली.

"पोचेबाहेरचे होते, स्किपर," तो म्हणाला.

"ऐकलंत?"

"वीस टक्के," ॲनिका म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "आणि पंचवीस. यंत्रही तेच म्हणतं."

"घ्या. पहिल्यांदाच तुमचं यंत्र आणि माझे डोळे एका बाजूला आले." स्किपर खूश झाला. त्याने यादीतल्या एका नावावर रेघ मारली.

ॲनिकाने कागद गोळा केले. दारातून बाहेर पडताना ऑरिन तिच्या मागेच होता. तो काहीतरी म्हणेल म्हणून ती क्षणभर थांबली, आणि तो काही म्हणत नाही असं बघून जिन्याने वर गेली. त्यानंतर ती कधी कुंपणाशी येऊन उभी राहिली नाही.

ऑरिन घरी आला तेव्हा रमिरोची बॅग दाराशी होती. तो ओटा पुसत होता. भाड्याचं घर, पण जाताना ओटा पुसून जायचा त्याला नाद होता.

"मेक्सिकोतला एक संघ बघतो म्हणालाय," रमिरो म्हणाला. "नाही जमलं तर घर आहेच. तुझं कळलं मला. चेटने सांगितलं. फार बरं झालं, म्हाताऱ्या. खरंच सांगतो, माझं गेलं त्याचं एवढं वाईट नाही वाटलं, तुझं झालं म्हटल्यावर."

"रमिरो," ऑरिन म्हणाला.

"काय?"

"गाडी किती वाजता?"

"येईलच आता." रमिरोने फडकं पिळून नळावर वाळत टाकलं. मग खिशातून मलमाची नळी काढून ऑरिनच्या हातात दिली. "कोपरांना लाव. दोन्ही पार सोलून निघालीत. रात्री कपडे चिकटतील." तो जरा घुटमळला. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि पुरुषांना असलं बोलायला जमत नाही तसं त्यालाही जमत नव्हतं. "काल रात्री मुलीला चित्रफीत दाखवली फोनवर. ते दोन चेंडू, जे गेले ते. म्हटलं, बघ. मार्च महिना आहे, या सामन्याला काही किंमत नाही, कोणी मार्चमध्ये अंग टाकत नाही. आणि हा माणूस चौतीस वर्षांचा आहे, आणि बाबासाठी दोनदा जमिनीवर पडला. चेंडू जाऊ देत. मागे असं कोणीतरी होतं हे ती लक्षात ठेवेल."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. रमिरोने त्याला मिठी मारली, कोपरांना धक्का लागू नये म्हणून बेताने, आणि बॅग उचलून निघून गेला.

ऑरिन ओट्याशी उभा राहिला. मग त्याने बाही वर केली आणि मलम लावलं. नळीवर लिहिलं होतं की थोडं झोंबेल. तो झोंबायची वाट बघत बराच वेळ उभा होता.